किल्ला आणि किल्ली

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटली की थोड्याच वेळात सिंधुदुर्गाचा तट अंगावर येतो. नवा पाहुणा बरोबर असला की तो हटकून विचारतो, "दरवाजा कुठं आहे?" तट दिसतो, बुरूज दिसतात, दरवाजा मात्र दिसत नाही. होडीवाले या प्रश्नाला सरावलेले आहेत. गेल्या वर्षी माझ्याबरोबर पुण्याचा एक तरुण मित्र होता, संगणकाच्या धंद्यातला. त्यानं हाच प्रश्न केल्यावर होडीवाला हसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "चाचानू, तेंका सांगा. जवळ गेल्याबिगर दरवाजो दिसाचो नाय. म्हाराजांनी तसोच बांधून घेतलेलो आसा."

२५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर या किल्ल्याची पायाभरणी झाली आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. ४२ बुरुजांचा तट, आणि त्याच्या वळणात दडवलेला तो दिल्ली दरवाजा. २०२५ साली युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात हा एक आहे. आम्ही मालवणी माणसं लहानपणापासून हा दरवाजा बघत आलो. पण त्या दिवशी माझा मित्र दरवाजासमोर उभा राहून जे बोलला, ते मला नवीन होतं. तो म्हणाला, "काका, दार लपवलं हे ठीक. पण किल्ली कोणाकडं असायची?"

मी कविता लिहितो, इतिहासकार नव्हे. पण हा प्रश्न मला सोडीना. त्याचं एक कारण माझ्या घरातलं आहे, ते पुढं सांगतो. आधी किल्लीचं उत्तर.

शिवाजी महाराजांच्या कारकिर्दीवरची सर्वांत जुनी बखर म्हणजे सभासदाची बखर. कृष्णाजी अनंत सभासदानं ती १६९७ च्या सुमारास लिहिली. तिच्यात गडाच्या कारभाराची रीत दिली आहे. गडावर एकच एक सर्वाधिकारी नसे. हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी, तिघेही बरोबरीच्या दर्जाचे. त्यांना जोड कारखानीसाची. संध्याकाळी दार लावणं, सकाळी उघडणं आणि किल्ल्या जवळ बाळगणं हे हवालदाराचं काम. हजेरी आणि हिशेब सबनिसाकडं, शिबंदी सरनौबताकडं, धान्य आणि सामान कारखानिसाकडं. हे अधिकारी निरनिराळ्या समाजांतले असत. हेतू उघड होता. एक जण फितूर झाला, तरी त्याच्या एकट्याच्या हातानं किल्ला जाऊ नये. शत्रूला आत यायचं तर एकाला विकत घेऊन भागणार नाही, तिघांना घ्यावं लागेल.

तट कितीही जाड असो, शेवटी प्रश्न माणसांचा असतो आणि किल्लीचा असतो. या सिंधुदुर्गालाही ते चुकलं नाही. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नावही दिलं, आणि पुढच्याच वर्षी तो करवीरकरांकडं परत आला.

किल्ला हा शब्द अरबीतून आपल्याकडं आला. किल्लीचं घराणं वेगळं. पण मराठीत दोघी-दोघं अशी शेजारी येऊन बसली आहेत की वाटावं, एकाच आईची लेकरं. आज आपण सगळेच किल्लेदार आहोत. बँकेचं खातं, ई-मेल, विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज, जमिनीचे उतारे. प्रत्येकाला एक दार, आणि प्रत्येक दाराला परवलीचा शब्द. माझ्या मित्रानं मला एकदा मोजायला लावलं. मला वाटलं होतं, दहा-बारा असतील. निघाले ५३! आणि या ५३ दारांना मी किल्ल्या किती केल्या होत्या? तीन. त्यातही एक माझ्या तखल्लुसाची, म्हणजे माझ्या कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर छापलेली.

परवलीचा शब्द ही छावणीतली जुनी गोष्ट. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं रोमन सैन्याची पद्धत लिहून ठेवली आहे. रोज सूर्यास्ताला त्या रात्रीचा शब्द लाकडी पाटीवर लिहून दिला जाई. ती पाटी तुकडी-तुकडीतून फिरून अंधार पडायच्या आत परत सेनाधिकाऱ्याकडं यायला हवी. एखादी पाटी परत आली नाही, तर ती कुठं अडकली याचा लगेच शोध. त्या शब्दाचं आयुष्य एका रात्रीचं. आपण मात्र एकच शब्द वीस-वीस वर्षं वापरतो.

संगणकावर हा शब्द आला १९६१ च्या सुमारास, अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक यंत्र अनेकांनी मिळून वापरायची व्यवस्था उभी केली. यंत्र एक, माणसं अनेक, मग प्रत्येकाचे कागद वेगळे कसे ठेवायचे? त्यांनी प्रत्येकाला एकेक पासवर्ड दिला. पण ते सगळे पासवर्ड यंत्रातल्या एकाच यादीत, वाचता येतील असे लिहिलेले होते. १९६२ साली तिथल्याच अॅलन शेर नावाच्या संशोधकाला यंत्रावर वेळ कमी पडायला लागला. त्यानं काय करावं? ती यादीच छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम सुरू केलं. पुढं काही वर्षांनी तर गंमतच झाली. एक कारभारी रोजची सूचना दुरुस्त करत होता, दुसरा पासवर्डांची यादी. दोन्ही कागदांची अदलाबदल झाली, आणि यंत्र उघडणाऱ्या प्रत्येकाला सूचनेच्या जागी सर्वांचे पासवर्ड वाचायला मिळाले! म्हणजे कुलपाचा जन्म झाला आणि पाठोपाठ किल्ल्यांचा जुडगा चव्हाट्यावर आला.

यातून धडा घेतला गेला. पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. हे कसं जमतं, ते सांगताना माझा मित्र इंग्रजी शब्दांत अडकला. मी म्हटलं, थांब, हे तर आमच्या स्वयंपाकघरात आहे. आम्ही खोबरं, मिरच्या, धणे घेऊन वाटप वाटतो. त्या वाटपातून पुन्हा नारळ काढता येतो का? नाही. पण तेच जिन्नस त्याच मापानं पुन्हा वाटले, तर वाटप तेच होतं. यंत्र तसंच करतं. तुमचा पासवर्ड वाटून ठेवतं आणि मूळ शब्द टाकून देतं. पुढच्या वेळी तुम्ही शब्द दिलात की पुन्हा वाटतं, दोन्ही वाटपं ताडून बघतं. जुळलं, तर दार उघडतं. आणि दोघांचा पासवर्ड एकच असला, तरी वाटप वेगळं व्हावं म्हणून प्रत्येकात वेगवेगळी चिमूट टाकतात. त्या चिमटीला त्यांच्या शास्त्रातही मीठच म्हणतात.

रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन या दोघांनी नोव्हेंबर १९७९ मध्ये यावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांचे ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले होते. कोणाचा एकच अक्षर, कोणाचा दोन, कोणाचा शब्दकोशातला सरळ शब्द. ८६ टक्के पासवर्ड सहज शोधता येण्याजोगे निघाले. त्यानंतर तीस वर्षांनी, २००९ साली, रॉकयू नावाच्या एका अमेरिकी कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले, तेही न वाटलेले, उघडे. त्यात सर्वांत आवडता पासवर्ड कोणता होता? एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. माणसाचा स्वभाव तीस वर्षांत बदलला नव्हता.

चोर आता एकेक दार ठोठावत बसत नाही. एका ठिकाणची चोरलेली यादी घेतो आणि तेच नाव, तोच शब्द दुसऱ्या शंभर दारांना लावून बघतो. म्हणजे कुठल्याशा क्षुल्लक दुकानाच्या खात्याला आपण बँकेचीच किल्ली ठेवली असेल, तर दुकान फुटलं की बँक उघडली. रायगडाची किल्ली सिंधुदुर्गाला लागत नसे. आपण मात्र सगळ्या गडांना एकच कुलूप लावून बसलो आहोत.

आणि कधी कधी चोरी करावीच लागत नाही, आपणच किल्ली देतो. २००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या बँक ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे गुप्त क्रमांक काढून घेतले आणि लाखो डॉलर वळवले. पुण्याच्या पोलिसांनी त्यांना पकडलं. त्यात कुठलंही कुलूप फोडलेलं नव्हतं. आज फोनवर ओटीपी मागणारा माणूस त्याच जातकुळीतला. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेनं इंटरनेटवरच्या कार्डव्यवहाराला दुसरा पुरावा सक्तीचा केला. एक गोष्ट डोक्यात, दुसरी हातातल्या फोनमध्ये. हवालदाराबरोबर सबनीसही हवा, तसं. पण दोघांनीही एकाच भामट्याला दार उघडून दिलं, तर गडाला कोण वाचवणार? असं कधी झालंच, तर लाजत बसू नये, लगेच १९३० या क्रमांकावर फोन करावा.

आता तुम्ही म्हणाल, ५३ दारांना ५३ वेगळ्या, अवघड किल्ल्या करायच्या तर लक्षात कशा ठेवायच्या? त्याचं उत्तर म्हणजे पासवर्ड मॅनेजर. ही एक तिजोरी आहे. ब्रूस श्नायर या गुप्तलेखनाच्या अभ्यासकानं १९९७ साली अशी एक तिजोरी तयार केली. २००३ साली कीपास नावाची फुकट मिळणारी तिजोरी आली, २०१६ साली बिटवॉर्डन आली. फोन आणि ब्राउझरमध्येही आता अशी सोय असते. तिजोरीत सगळ्या किल्ल्या कुलूपबंद राहतात. नवी किल्ली तीच घडवते, वीस-वीस अक्षरांची, कोणाच्या बापाला लक्षात राहणार नाही अशी. आपण लक्षात ठेवायची ती फक्त तिजोरीची किल्ली. चांगल्या तिजोरीची रचना अशी असते की ती बनवणाऱ्या कंपनीलाही आतलं वाचता येत नाही. तिचा आणखी एक फायदा मला फार उशिरा कळला. बँकेच्या नावानं कोणी हुबेहूब खोटं पान उभं केलं, तर माझे डोळे फसतील, पण तिजोरी पत्ता तपासते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला, तरी ती आपणहून किल्ली पुढं करत नाही. असं झालं की आपणही हातानं ती टाइप करायला जाऊ नये. तिथं थांबावं.

"सगळी अंडी एकाच टोपलीत?" हा आक्षेप रास्त आहे. २०२२ साली लास्टपास या कंपनीतून ग्राहकांच्या बंद तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. तिजोऱ्या बंद होत्या, हे खरं. पण ज्यांची मुख्य किल्ली कच्ची, त्यांना घोर लागला. कारण चोर घरी बसून निवांत एकेक किल्ली लावून बघू शकतो. म्हणून तिजोरीचा शब्द पक्का हवा, आणि तो दुसरीकडं कुठंही वापरलेला नको.

पक्का म्हणजे कसा? इथं मी, एक कवी, तोंडावर आपटलो. मला वाटलं, शब्दांचा धंदा आपला, आपण एक सुंदर ओळ करू. मित्र म्हणाला, "काका, सुंदर नको. सुंदर ओळ दुसऱ्यालाही सुचते. आणि प्रसिद्ध ओळी तर चोरांच्या यादीत आधीच असतात." अर्नोल्ड रेनहोल्ड नावाच्या माणसानं १९९५ साली यावर एक तोडगा काढला. ७,७७६ शब्दांची यादी करायची आणि पाच फासे टाकून, दान पडेल तो शब्द घ्यायचा. असे सहा शब्द घेतले, तर शक्यता किती होतात? दोनावर तेवीस शून्यं! 'गलबत लसूण पोस्टमन खिडकी बांगडा सोमवार' असं काहीतरी. अर्थात, हे आता छापून आलं, म्हणून कामातून गेलं. जन्मभर शब्द पारखून घेतल्यावर असे फाशांच्या हाती सोपवणं मला जड गेलं. पण गंमत बघा, असे बेवारशी शब्द दोन-चार दिवस घोकले की त्यांचीही एक लय बसते.

पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक खूण हवी आणि तो दर तीन महिन्यांनी बदलावा, हा सल्ला २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेतल्या बिल बर यांनी लिहिला होता. २०१७ साली त्या संस्थेनं तो मागं घेतला आणि बर यांनी आपल्याला त्याचा पस्तावा होतो, असं सांगितलं. कारण लोक शेवटचा आकडा एकनं वाढवत आणि मोकळे होत. लांबी महत्त्वाची, नखरे नव्हेत.

सिंधुदुर्गाला मोठ्या दरवाजाखेरीज समुद्राच्या अंगाला राणीची वेळा म्हणून वाळूचा एक लहानसा तुकडा आहे, तिथं एक छोटं दार आहे. आपल्या खात्यांनाही तसं दार असतं. 'पासवर्ड विसरलात?' असं ते विचारतं आणि नवी किल्ली ई-मेलवर पाठवतं. म्हणजे ज्याच्या हाती तुमची ई-मेल, त्याच्या हाती सगळे गड. म्हणून तिजोरीच्या खालोखाल जपायचं ते ई-मेल.

इथवर सगळं चोरांबद्दल झालं. आता माझ्या घरातली गोष्ट.

माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना भाई म्हणायचो, ऐन उमेदीची वर्षं आखातात होते. आमची आई निरक्षर. पण आमच्या कोकणी मुसलमानांच्या लग्नांत हळदीच्या रात्री म्हणायची गाणी तिच्याकडं होती, आमच्या बोलीतली, कुठंही न छापलेली. एका सुट्टीत भाईनं आईला समोर बसवून तीन कॅसेटी भरल्या. आई गेल्यावर त्यानं त्या संगणकावर उतरवल्या आणि इंटरनेटवरच्या आपल्या खात्यात ठेवल्या. मला म्हणाला, "आता काळजी नको. आता ही पाण्यात बुडणार नाहीत, आगीत जळणार नाहीत." खरंच होतं. मूळ कॅसेटींना मालवणच्या पावसानं बुरशी आली. आम्ही त्या टाकून दिल्या, कारण गाणी तर सुखरूप होती.

२०२१ साली भाई गेला. जाताना पासवर्ड घेऊन गेला.

त्याच्या खात्याचा फोन नंबर बंद पडलेला, आखातातला. मी कंपनीला पत्रं लिहिली. मृत्यूचा दाखला पाठवला, वारसाची कागदपत्रं पाठवली. नियमाप्रमाणं नकार आला. मी चिडलो, खूप चिडलो. मग एका रात्री विचार केला, तिचं तरी काय चुकलं? उद्या कोणीही खोटा दाखला घेऊन गेला आणि भाईचा भाऊ म्हणवू लागला, तर? ज्या कुलपानं चोराला बाहेर ठेवलं, त्यानंच मला बाहेर ठेवलं. कुलपाला रडणं ऐकू येत नाही.

मराठीत हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडलं आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' लिहिलं. मराठीतलं हे आद्य गद्य चरित्र. धामधुमीच्या काळात त्याची मूळ पोथी हरवली, अशी पंथाची परंपरा आहे. मग शिष्यांनी एकमेकांच्या आठवणींतून ते पुन्हा जुळवलं. पुढं पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, आणि उलगडा फक्त पंथातल्यांना ठाऊक. ग्रंथ सुरक्षित राहिले, इतके सुरक्षित की बाकीच्या महाराष्ट्राला शतकानुशतकं त्यांचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केला, वि. ल. भावे यांनी महंतांशी स्नेह जोडून त्या वाङ्मयाची ओळख करून दिली, आणि १९३० च्या दशकात ह. ना. नेने यांनी 'लीळाचरित्र' छापून लोकांच्या हाती दिलं. किल्ली पंथात पिढ्यानपिढ्या हातोहात दिली गेली होती, म्हणून हे शक्य झालं. ती एखाद्या महंताबरोबर गेली असती, तर मराठी गद्याच्या इतिहासाचं पहिलं पान कोरंच राहिलं असतं.

तेव्हा रहस्य जपणं हे अर्धं काम. योग्य वेळी योग्य हाती ते पोचवणं, हे उरलेलं अर्धं. आपण पहिल्याचीच चर्चा करतो.

ज्या नोव्हेंबर १९७९ च्या अंकात मॉरिस आणि थॉम्पसन यांचा निबंध आला, त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात आणखी एक छोटा, दोन पानांचा निबंध आहे. आदि शमीर या गणितज्ञाचा. त्याचा विषय, एक गुपित अनेकांत कसं वाटावं. समजा, गुपिताचे पाच वाटे केले. त्यांतले कुठलेही तिघे एकत्र आले, तर गुपित उघडतं. दोघांना मात्र काहीच कळत नाही. हवालदार, सबनीस, सरनौबत! सभासदानं बखरीत नोंदवलेली कारभारी शहाणपणाची गोष्ट शमीरनं गणितात बसवली, असं मला ते ऐकताना वाटलं.

मी काही गणित करत बसलो नाही. माझ्या तिजोरीला आठ शब्दांची किल्ली आहे. पहिले चार एका चिठ्ठीवर, ते मुलीकडं. शेवटचे चार भाईच्या मुलाकडं. पूर्ण आठ शब्द बंद पाकिटात, बँकेच्या लॉकरमध्ये, वारसाचं नाव लावून. जिवंतपणी कोणा एकाला ती तिजोरी उघडता येणार नाही, आणि मी गेल्यावर त्यांना माझ्यासारखी पत्रं लिहावी लागणार नाहीत. आता काही कंपन्यांनीही सोय केली आहे. गूगलनं २०१३ पासून, अॅपलनं २०२१ पासून, आपल्यामागं खातं कोणाच्या हाती द्यायचं ते आधी नेमून ठेवता येतं. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक माहितीच्या कायद्यातही असा माणूस नेमण्याचा हक्क दिला आहे. हे नाव आजच नोंदवा. भाईला वेळ मिळाला नाही.

तिजोरी नको असेल, यंत्राची भीती वाटत असेल, तर वही करा. मी थट्टा करत नाही. पासवर्डाचे जनक कॉर्बाटो यांनी २०१४ साली कबूल केलं होतं की आपण स्वतः दीडशेक पासवर्ड तीन टाइप केलेल्या पानांवर लिहून ठेवत होतो! घरच्या कपाटातली वही, प्रत्येक दाराला वेगळी किल्ली लिहिलेली, ही सगळीकडं एकच शब्द वापरण्यापेक्षा केव्हाही बरी. समुद्रापारचा चोर आपलं कपाट उघडायला येत नाही. फक्त वही पाकिटात घालून फिरू नका, आणि ती कुठं आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. काही ठिकाणी आता शब्दाऐवजी पासकी आली आहे. बोट किंवा चेहरा दाखवला की फोन आतली किल्ली लावतो. तो दिवस चांगलाच. पण तेव्हाही हा फोन माझ्यामागं कोण उघडणार, हा प्रश्न उरणारच आहे.

आईच्या गाण्यांचं काय झालं? भाईच्या वर्षश्राद्धाच्या, म्हणजे आमच्याकडच्या बरसीच्या दिवशी सगळी बहीण-भावंडं जमली होती. धाकट्या बहिणीनं सहज एक ओळ गुणगुणली. मावशीनं दुसरी जोडली. "असां नाय गो, पुढला असां हा," म्हणत त्या भांडायला लागल्या. मी कागद घेतला. संध्याकाळपर्यंत ११ गाणी जमली. काही अर्धी, काहींना दोन-दोन पाठ, अगदी 'लीळाचरित्रा'सारखे. आईचा आवाज मात्र नाही. तो तिथं कुठंतरी, दूरच्या एखाद्या यंत्रात, कुलपाआड असेल किंवा पुसलाही गेला असेल.

ती ११ गाणी मी टाइप केली, बहिणीच्या आवाजात भरून घेतली आणि तिजोरीच्या किल्लीखाली ठेवली. एक प्रत मात्र मुद्दाम कुलपाबाहेर आहे. भाईच्या नातीला मी त्यातली दोन पाठ करायला लावली आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)